पाऱ्याचा दिवा, निळा दिवा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कवी माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंतचं. त्यामुळे मायक्रोस्कोपच्या दिव्यांवर मी बोलणार आहे, हे कळल्यावर आमच्या चिखलीतल्या दोस्तांनी आधी मला चहा पाजला आणि मग ‘तब्येत बरी आहे ना?’ म्हणून विचारलं. पण दिवा हा तसा आमच्याच वतनाचा विषय. घरात दखनी बोलणारे आम्ही लहानपणापासून शमा आणि परवाना ऐकत आलो, आणि शाळेत मराठीतून समई, पणती, निरांजन शिकलो. इतक्या दिव्यांवर कविता झाल्या. आज ज्या दिव्यांची गोष्ट सांगणार आहे, त्यांच्यावर कुणी ओळसुद्धा लिहिलेली नाही. माणसाच्या बेडक्यात क्षयाचा जंतू आहे की नाही, हे बघण्यासाठी प्रयोगशाळेत जे दिवे लावतात, ते हे दिवे.

दिव्यांची तुलना करण्याची आपल्याला सवय आहेच. माझ्या वयाच्या माणसानं घासलेटची चिमणी पाहिली, कंदील पाहिला, लग्नाच्या मांडवातली गॅसबत्ती पाहिली. मग पिवळा बल्ब आला, ट्यूब आली, सीएफएल आला आणि आता एलईडी. गॅसबत्तीचा उजेड काय झगझगीत! पण तिला पंप मारा, पिन फिरवा, जाळी जपा. वऱ्हाड दारात आलं की नेमकी तिची जाळी फुटायची. ही गॅसबत्ती जरा लक्षात ठेवा.

आता मुद्द्याकडे येतो. काही पदार्थ असे असतात की त्यांच्यावर एका रंगाचा प्रकाश टाकला, तर ते दुसऱ्याच रंगाचा प्रकाश परत देतात. याला इंग्रजीत फ्लुरोसन्स म्हणतात. मी आपला प्रतिदीप्ती म्हणतो. यात अवघड काही नाही. ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर जांभळा दिवा लागला की साबणाच्या पावडरीत धुतलेला पांढरा शर्ट कसा निळसर पेटल्यासारखा दिसतो? ती प्रतिदीप्ती. बँकेतल्या नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली नोटेतले धागे चमकतात, तीही. घरी करून बघायचं असेल तर चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये घोळवा आणि तो पेला त्याच दिव्याखाली धरा. हिरवट पिवळा उजेड दिसेल. इतकंच कशाला, आपल्या घरची जुनी ट्यूबही याच न्यायानं जळायची. आत पाऱ्याची वाफ, तिच्यातून निघणारे अदृश्य अतिनील किरण, आणि काचेला आतून फासलेली पांढरी भुकटी ते किरण पिऊन आपल्याला दिसेल असा उजेड देणारी.

या प्रकाराला नाव दिलं जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या शास्त्रज्ञानं, 1852 साली. त्यानं क्विनाइनच्या पाण्यावर प्रयोग केले. तेव्हा कुठला विजेचा दिवा? त्यानं सूर्यच वापरला. चर्चच्या खिडकीत बसवतात तशी निळी काच सूर्यासमोर धरली, म्हणजे पाण्यावर फक्त निळा-जांभळा प्रकाश पडेल. आणि डोळ्यासमोर पिवळट वाइनचा पेला धरला, म्हणजे तो निळा प्रकाश अडेल आणि क्विनाइननं परत दिलेला तेवढाच डोळ्यात येईल. एक चाळणी दिव्याजवळ, दुसरी डोळ्याजवळ. आजचा लाखो रुपयांचा प्रतिदीप्ती मायक्रोस्कोप घ्या; त्याच्या पोटात या दोन चाळण्याच आहेत. फक्त मध्ये एक तिरपा आरसा वाढला आहे. तो निळा प्रकाश खाली स्लाइडवर पाठवतो आणि तिथून आलेला पिवळा-हिरवा प्रकाश वर डोळ्याकडे जाऊ देतो.

आता क्षयाचं. 24 मार्च 1882 रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये या रोगाचा जंतू जाहीर केला. त्यानंतर झील आणि नील्सन या दोघांच्या नावानं एक रंगपद्धत रूढ झाली, ती आजही आहे. स्लाइडवर बेडक्याचा पातळ थर देतात, त्यावर लाल रंग ओततात, खालून वाफ येईपर्यंत गरम करतात, मग आम्लानं धुतात. बाकी सगळ्याचा लाल रंग निघून जातो, क्षयाचा जंतू मात्र तो सोडत नाही. हट्टी असतो. मागं निळा रंग दिला की निळ्यावर लाल काड्या दिसतात. पण त्या दिसायला हजारपट मोठं करून बघावं लागतं. तेलाचा थेंब टाकून, शंभरपटीच्या भिंगातून. इतकं मोठं केलं की एका वेळी दिसणारा तुकडा अगदी लहान होतो. असे निदान शंभर तुकडे पाहिल्याशिवाय ‘जंतू नाहीत’ असं लिहायचं नाही, असा नियम. दिवसाला वीस-पंचवीस स्लाइडी आल्या तर माणसाच्या डोळ्यांचं काय होत असेल, विचार करा. सत्तराव्या तुकड्यानंतर मनात ‘नसेलच’ येणं किती सोपं आहे.

1930च्या दशकात ऑरामिन नावाचा पिवळा रंग या कामी आला. तो जंतूत शिरतो आणि निळा प्रकाश पडला की पिवळा-हिरवा चमकतो. मागची जमीन काळी. काळ्यावर चमकणारी वस्तू लांबूनही दिसते. त्यामुळे शंभरपटीचं भिंग लागत नाही, चाळीसपटीचं किंवा वीसपटीचंही चालतं. हिशेब करा. चाळीसपटीच्या भिंगात एका वेळी दिसणारं क्षेत्र सुमारे सहापट होतं, वीसपटीच्या भिंगात पंचवीसपट. शिवाय तेल नको, स्लाइड गरम करणं नको. 2006 साली जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात निघालं की खरोखर क्षय असलेल्या शंभर जणांमागे ही पद्धत लाल रंगाच्या पद्धतीपेक्षा सरासरी दहा जण जास्त पकडते. दहा माणसं म्हणजे दहा घरं.

मग एवढी चांगली पद्धत सत्तर वर्षं तालुक्याच्या गावात का आली नाही? इथे दिव्याची गोष्ट सुरू होते.

ऑरामिनला चमकवायला झणझणीत निळा प्रकाश लागतो. साध्या हॅलोजनच्या दिव्यावरही लोकांनी प्रयत्न केले. पण त्याच्या उजेडात पिवळा-लाल अंश भरपूर आणि निळा थोडका. म्हणून राजा होता पाऱ्याचा दिवा. लहानशी काचेची कुपी, आत पारा, दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी अखंड नाचत ठेवलेली. पेटला की आतला दाब वातावरणाच्या कित्येक पट होतो. तेज असं की उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही. त्याचा मान मोठा आहे, हे कबूल केलं पाहिजे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1928 साली कलकत्त्यात जे काम केलं, त्याची सुरुवात सूर्यप्रकाशावर झाली आणि पुढचं पाऱ्याच्या दिव्यावर. गंमत अशी की त्यांना जे दिसलं ते आधी ‘मंद प्रतिदीप्ती’च वाटलं होतं. ती नव्हे, दुसरंच काही आहे हे ओळखलं, आणि 1930 चं नोबेल मिळालं.

पण हा राजा नखरेल. पेटल्यावर स्थिर व्हायला दहा-पंधरा मिनिटं. विझला तर लगेच पेटवायचा नाही, अर्धा तास निवू द्यायचा. घडोघडी चालू-बंद केला तर आयुष्य घटतं. नवा बसवताना काचेला बोट लागलं तर बोटाचं तेल तापून काच तिथं कमजोर होते. बसवल्यावर ठिणगी बरोबर मधोमध आणायची, नाहीतर अर्धा तुकडा उजळ आणि अर्धा अंधारा. कधीतरी फुटतोच, फुटला तर पाऱ्याची वाफ खोलीत, आणि माणसानं बाहेर पळायचं. आणि आयुष्य किती? दोनशे-तीनशे तास. रोज चार तास, महिन्यात पंचवीस दिवस धरा. दोन-तीन महिन्यांत नवा दिवा. तो परदेशी, महागडा, मागणी अर्जानं येणारा. वर अंधारी खोली हवी. क्षयाच्या प्रयोगशाळेला वारा खेळता पाहिजे आणि या दिव्याला काळोखाची कोठडी.

आता 2005 ते 2008 ची आमची वर्षं आठवा. भारनियमनाची. बुलडाणा जिल्ह्यात गावोगाव दिवसाला आठ-आठ, दहा-दहा तास वीज नसायची. वर्तमानपत्रात आज कुठल्या भागात किती वाजता वीज जाणार याचं वेळापत्रक यायचं आणि वीज तेही पाळायची नाही. अशा गावात पाऱ्याचा दिवा लावायचा? पंधरा मिनिटं स्थिर व्हायला, तोवर वीज गेली. आली, तर अर्धा तास निवायला. अगदी मांडवातली गॅसबत्ती! म्हणून तो मोठ्या शहरांत, मेडिकल कॉलेजात राहिला आणि तालुक्यात लाल रंगाची स्लाइड राहिली.

आणखीही दिवे आहेत. त्यांचे स्वभाव सांगायला मला आमचा जिल्हाच पुरतो. बुलडाण्यात घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग आहेत, हे श्रोत्यांपैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. पाऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट म्हणजे घाटातला रस्ता: काही ठिकाणी उंच कडे, मध्ये दऱ्या. 365, 405, 436, 546 नॅनोमीटर या लहरींवर तो उंच उसळतो. तुमच्या रंगाला नेमकी ती लहर हवी असेल तर त्याच्यासारखा दुसरा नाही. ऑरामिनला 450 च्या आसपासचा निळा आवडतो. 436 चा कडा जवळ आहे म्हणून त्याचं भागतं, पुढे मात्र दरी. झेनॉनचा दिवा म्हणजे घाटावरचं पठार, चिखलीसारखं सपाट. सगळे रंग जवळपास सारखे, म्हणून मोजमापाच्या कामाला चांगला, पण उष्णता फार. मेटल हॅलाइड हा पाऱ्याचाच सुधारलेला भाऊ, सुमारे दोन हजार तास चालणारा. हे दोघे संशोधन संस्थांत नांदले. तालुक्याला त्यांचा उपयोग नव्हता.

तालुक्याला उपयोगी दिवा जपानमधून आला, आणि तोही क्षयासाठी नव्हे. लाल आणि हिरव्या एलईडी आधीच होत्या. निळी जमत नव्हती. गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवणं कुणाला साधत नव्हतं. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांनी ते साधलं. 1993 च्या सुमारास नाकामुरांची झगझगीत निळी एलईडी बाजारापर्यंत आली. 2014 चं पदार्थविज्ञानाचं नोबेल तिघांना मिळालं. आपल्या घरातला पांढरा एलईडी बल्बही आतून निळाच असतो. त्यावरचं पिवळं औषध प्रतिदीप्तीनं त्याला पांढरा करतं. आणि ही निळी एलईडी देते ती लहर 450 च्या आसपासची. ऑरामिनला हवी तीच! पाऱ्याचा दिवा दहा रंग तयार करून नऊ चाळणीत अडकवतो आणि उष्णता करून टाकतो. एलईडी फक्त निळाच तयार करते. बटण दाबलं की लागते, दाबलं की विझते, पुन्हा लगेच लागते. बॅटरीवर चालते, सौर पाट्यावरही. पारा नाही, फुटण्याची भीती नाही. आयुष्य दहा हजार तासांच्या वर; मघाचाच हिशेब धरला तर आठ वर्षांहून जास्त. आणि खोली काळी करायची गरज नाही, पडदा ओढला तरी पुरे.

इथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण जाहिरातीत ती गाळली जाते. एलईडी पाऱ्यापेक्षा जास्त जंतू दाखवते असं नाही. दोघांची तुलना झाली, निकाल जवळपास सारखे आले. जास्त दाखवण्याचा गुण प्रतिदीप्तीचा आहे. एलईडीनं तो गुण स्वस्त केला, चिवट केला आणि वीज जाणाऱ्या गावात राहू शकेल असा केला. माझ्या मते हेच मोठं काम आहे. उत्तम वस्तू शहरात असणं आणि पुरेशी वस्तू गावात असणं, यात मला कुणी निवडायला सांगितलं तर मी विचार करायला एक मिनिटही घेणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 साली धोरण जाहीर केलं: पाऱ्याच्या जागी एलईडी आणा आणि लाल रंगाच्या पद्धतीलाही टप्प्याटप्प्यानं हा पर्याय द्या. आपल्या सरकारच्या क्षयरोग कार्यक्रमानं 2012 मध्ये देशातल्या मेडिकल कॉलेजांतल्या सुमारे दोनशे केंद्रांत असे मायक्रोस्कोप दिले. नंतर ते पुढे पसरले.

त्याच सुमाराची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा, जिनिंगमध्ये हमाली केलेले. दोन महिने खोकला, ताप संध्याकाळचा, अंगावरचा सदरा सैल होत चाललेला. दोनदा थुंकी तपासली, दोन्ही वेळा जंतू नाहीत. घरात सून, तीन नातवंडं, झोपायला एकच खोली. मी त्यांना दूरच्या एका मेडिकल कॉलेजात घेऊन गेलो. तिथे निळ्या दिव्याखाली निघाले, अगदी मोजके. अहवालात ‘स्कँटी’ लिहून पुढे आकडा. हा दिव्याचाच चमत्कार, असं मी छातीठोक म्हणणार नाही; त्या दिवशीचा बेडका चांगला खोलवरचा आला असेल, हेही शक्य आहे. पण आकडा आला आणि औषध सुरू झालं, हे खरं.

तिथल्या तंत्रज्ञ ताईंना मी विनंती केली, ‘ताई, मला एकदा बघू द्या.’ तयार स्लाइडपासून धोका नसतो म्हणून त्यांनी परवानगी दिली. म्हणाल्या, ‘कवीसाहेब, एक डोळा मिटू नका, दोन्ही उघडे ठेवा. आणि आता चांदण्या वगैरे म्हणू नका. सगळे येतात ते चांदण्याच म्हणतात.’ मी निमूट बघितलं. काळी जमीन आणि तिच्यावर हिरवट पिवळे ठिपके. ‘ते गोल ठिपके सोडा, तो कचरा आहे,’ त्या म्हणाल्या. ‘जिरं बघा. बारीक, किंचित वाकडं.’ आणि खरंच, एका कोपऱ्यात जिऱ्याचे दोन दाणे एकमेकांना टेकून पडलेले. एवढ्याशा त्या दोन दाण्यांनी जिनिंगमधला एक हमाल आडवा केला होता.

त्या बोलता बोलता म्हणाल्या की दिवा बदलणं सोपं गेलं, डोळा बदलणं अवघड गेलं. वीस वर्षं निळ्यावर लाल शोधलेल्या माणसाला काळ्यावर पिवळं शोधायला शिकावं लागतं. न शिकलेला माणूस कचऱ्यालाच जंतू म्हणतो आणि निरोग्याला सहा महिने औषध घ्यावं लागतं. दुसरी अडचण म्हणजे ही चमक टिकत नाही. प्रकाशात राहिली की फिकी पडते, म्हणून स्लाइडी अंधाऱ्या डबीत ठेवायच्या आणि फेरतपासणी लवकर करायची. लाल रंगाची स्लाइड मात्र महिनोन् महिने तशीच राहते. तिसरी मर्यादा कुठल्याही दिव्याला ओलांडता येत नाही. एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ते मायक्रोस्कोपमध्ये सापडतच नाहीत. आणि सापडलेला जंतू औषधाला दाद देणारा की न देणारा, हे उजेड सांगत नाही. म्हणून पेल्यात थुंकी नको, सकाळी उठल्याबरोबर खोल श्वास घेऊन खोकून काढलेला बेडका हवा, असं त्या प्रत्येकाला दोनदोनदा सांगत होत्या. रांगेतल्या बायका लाजत होत्या. चारचौघांत खाकरायचं कसं? त्यांना त्या इमारतीमागच्या मोकळ्या उन्हात पाठवत होत्या.

चाचा बरे झाले. तेव्हा औषध आठवड्यातून तीन दिवस, समोर बसवून देत. 2017 पासून ते रोजचं झालं. नातवंडांची तपासणी झाली, कुणाला काही निघालं नाही.

पाऱ्याचा दिवा आता मागे पडतो आहे. पाऱ्यावर बंधन घालणारा मिनामाता करार 2013 साली झाला, भारत त्यात 2018 मध्ये सामील झाला. ज्या जुन्या प्रयोगशाळांच्या कपाटात वापरलेल्या पाऱ्याच्या कुप्या पडून असतील, त्यांनी त्या कचऱ्याच्या गाडीत टाकू नयेत, एवढं या निमित्तानं सांगतो.

आणि मायक्रोस्कोपही आता पहिल्या पंक्तीत राहिलेला नाही. जगातल्या नव्या क्षयरुग्णांपैकी दर चारांमागे साधारण एक भारतात आहे. एवढ्यांसाठी माणसाचे डोळे पुरे पडणारे नाहीत. 2020 साली कार्यक्रमाचं नाव बदलून राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम झालं. सीबीनॅट आणि ट्रूनॅट अशी यंत्रं तालुक्याच्या ठिकाणी पोचली आहेत. ट्रूनॅट तर गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं, आणि तेही बॅटरीवर चालणारं. ही यंत्रं जंतूचा जनुकीय मजकूर वाचतात, कमी जंतू असले तरी पकडतात, आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देईल का, तेही काही तासांत सांगतात. मायक्रोस्कोप उरला आहे तो औषधाचा गुण येतो आहे की नाही हे बघायला, आणि जिथे यंत्र पोचलं नाही किंवा त्याची कार्ट्रिज, चिप संपली आहे तिथे.

मी कुतूहलानं विचारलं, की या बंद डब्याच्या आत काय चालतं? उत्तर ऐकून मला हसू आलं. आतही एक रंग असतो, जंतूचा मजकूर सापडला की चमकणारा. त्याच्यावर प्रकाश टाकायला एक चिमुकला दिवा असतो. त्या दिव्यापुढे एक चाळणी आणि त्या चमकेपुढे दुसरी. फक्त पलीकडे डोळ्याच्या जागी एक इलेक्ट्रॉनिक तुकडा बसलेला असतो, जो थकत नाही आणि चांदण्याही म्हणत नाही.